तुमचे तीन दिवस नेमके कधी सुरू होतात? पासपोर्ट एक्स्पिडायटिंग कंपन्यांना खुलं पत्र

अमेरिकेत पासपोर्ट लवकर मिळवून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांचे मालक, व्यवस्थापक आणि ग्राहकांचे फोन घेणारी मंडळी यांना,

स. न. वि. वि.

पत्रास कारण एकच. तुमच्या जाहिरातीत ‘३ दिवसांत पासपोर्ट’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, पण ते तीन दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे ते शोधूनही सापडत नाही. ग्राहक ते कार्डावरून पैसे गेले त्या दिवसापासून मोजतो. तुम्ही मोजता ते तुमच्या माणसानं सरकारी पासपोर्ट एजन्सीच्या खिडकीवर फाइल दिली त्या दिवसापासून. या दोन तारखांमध्ये कधी चार दिवस असतात, कधी तीन आठवडे. तुमच्याविरुद्धच्या बहुतेक तक्रारी याच मधल्या दिवसांतल्या असतात. विमान चुकतं तेही याच दिवसांत.

इथल्या मराठी कुटुंबांचे पासपोर्ट, व्हिसा आणि ओसीआयचे (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं त्या कार्डाचे) कागद पाठवण्याआधी तपासून द्यायचं काम आम्ही काही जण करतो. तुमचा व्यवसाय बंद व्हावा असं आम्हाला वाटत नाही. जवळची पासपोर्ट एजन्सी सात तासांच्या ड्राइव्हवर, घरात दोन लहान मुलं, रजा शिल्लक नाही, अशा माणसाला तुमचाच आधार असतो. तो आधार ऐनवेळी सुटतो, म्हणून हे पत्र.

आधी तुमच्याकडे विकायला नक्की काय आहे ते स्पष्ट करू. पासपोर्ट छापतं अमेरिकेचं परराष्ट्र खातं. तुमची त्या खात्याकडे कुरिअर म्हणून नोंदणी असते, आणि तेवढ्या बळावर तुमचा माणूस ग्राहकाच्या वतीनं एजन्सीत अर्ज देतो आणि तयार पासपोर्ट घेऊन येतो. दर दिवशी किती अर्ज देता येतील याला मर्यादा असते. म्हणजे तुमच्या हाती आहे ती रांगेतली जागा, आणि तीही मोजकी. माणूस स्वतः अपॉइंटमेंट घेऊन एजन्सीत गेला तर त्याला जितक्या लवकर पासपोर्ट मिळतो त्याहून लवकर तो तुमच्यामार्फत मिळत नाही, हे खातं आपल्या वेबसाइटवर उघड सांगतं. तुमच्या वेबसाइटवर हे वाक्य नसतं. ते पैसे भरायच्या पानावर असायला हवं.

कारण सरकारी हिशेब सगळ्यांना ठाऊक नसतो. साध्या अर्जाला सध्या ४ ते ६ आठवडे लागतात, आणि ६० डॉलर जास्त भरले तर २ ते ३ आठवडे. टपालाचे दिवस यात धरलेले नाहीत, ते जाताना आणि येताना वेगळे. प्रौढाच्या पासपोर्टची फी १३० डॉलर, १६ वर्षांखालच्या मुलाची १०० डॉलर. डीएस-११ फॉर्म (स्वतः हजर राहून द्यायचा अर्ज) असेल तर अर्ज स्वीकारणाऱ्या कार्यालयाचे आणखी ३५, आणि तयार पासपोर्ट घरी लवकर हवा असेल तर २२.०५. प्रवास १४ दिवसांच्या आत असेल तर १-८७७-४८७-२७७८ या क्रमांकावर फोन करून एजन्सीची अपॉइंटमेंट मागता येते, आणि त्या अपॉइंटमेंटला एक सेंटही पडत नाही. जायच्या देशाचा व्हिसाही काढायचा असेल तर १४ ऐवजी २८ दिवस धरतात. भारतात जाणाऱ्या अमेरिकन नागरिकाकडे ओसीआय कार्ड नसेल तर त्याला व्हिसा लागतोच, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांना ही २८ दिवसांची मुदत लागू होते. तुमच्या फोनवरच्या माणसाला हे माहीत असतं. ग्राहकानं ‘वीस दिवसांनी मुंबईला निघायचंय’ असं सांगितलं, की पहिलं उत्तर हे असायला हवं. त्याऐवजी पॅकेजची यादी ऐकवली जाते.

आता ते मधले दिवस. ते कुठे जातात हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण ग्राहकालाही कळू दे.

पहिली अडचण बंद पाकिटाची. पहिला पासपोर्ट, १६ वर्षांखालचं मूल, हरवलेला किंवा फाटलेला पासपोर्ट यांना डीएस-११ भरावा लागतो, आणि तो स्वतः हजर राहून पोस्ट ऑफिस, काउंटी क्लार्क किंवा एखाद्या लायब्ररीतल्या खिडकीवर शपथेवर सही करून द्यावा लागतो. तिथला कर्मचारी कागद तपासतो, पाकिटात घालून ते सील करतो, आणि कुरिअर कंपनीमार्फत अर्ज जाणार असेल तर ते सीलबंद पाकीट अर्जदाराच्या हाती देतो. नेहमीचे अर्ज मात्र कर्मचारी स्वतःच टपालात टाकतो. त्याच्या दिवसाच्या कामात कुरिअरचं प्रकरण क्वचित येतं, म्हणून सवयीनं तो तुमच्या ग्राहकाचंही पाकीट टपालाच्या गठ्ठ्यात ठेवतो. एकदा ते गेलं, की अर्ज साध्या रांगेत लागला आणि तुमच्या जागेचा उपयोग संपला. दुसरा प्रकार याच्या उलट: पाकीट हाती मिळतं, आणि आत फोटो नीट ठेवलाय का हे पाहायला घरचं कुणीतरी ते उघडतं. सील तुटलेलं पाकीट एजन्सी घेत नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून, नवी अपॉइंटमेंट आणि नवे ३५ डॉलर.

यावरचा उपाय एका कागदाचा आहे. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला दाखवायचं एक पान छापून द्या: हा अर्ज नोंदणीकृत कुरिअरमार्फत जाणार आहे, कृपया पाकीट सील करून अर्जदाराला परत द्यावं. सोबत तुमच्या कंपनीच्या नावाचं, अर्जदाराच्या मूळ सहीचं अधिकारपत्र, आणि त्याच्या किती प्रती पाकिटाच्या आत आणि किती बाहेर ठेवायच्या हे ठळक अक्षरांत. काही कंपन्या हे पान देतात. बाकीच्या तीच सूचना अकरा पानांच्या पीडीएफमध्ये नवव्या पानावर देतात, आणि पाकीट टपालात गेलं की ‘सूचना पाठवल्या होत्या’ असं उत्तर देतात.

चेकचा घोळही याच खिडकीवर होतो. पासपोर्टची फी आणि तातडीचे ६० डॉलर हे परराष्ट्र खात्याच्या नावानं चेक किंवा मनी ऑर्डरनं द्यायचे असतात, आणि ३५ डॉलर त्या कार्यालयाला वेगळे. दोन्ही रकमा एकाच चेकमध्ये घातल्या की अर्ज परत. तुमच्या बिलात मात्र सरकारी फी, तुमची फी, ‘प्रोसेसिंग’ आणि कुरिअर असं सगळं मिळून एकच आकडा असतो, म्हणून ग्राहकाची समजूत होते की सरकारी फीसुद्धा भरून झाली. मग तो खिडकीवर चेकबुक न घेता पोचतो. बिलावर दोन रकाने करा: हे आमचे, हे सरकारचे, आणि सरकारचे कोण, कुठे, कशानं भरणार.

फॉर्मबद्दल थोडक्यात, कारण या चुका साध्या आहेत आणि तुमच्या तपासणीत सापडायलाच हव्यात. डीएस-११ कागदाच्या एकाच बाजूला छापायचा. त्यावर घरी सही करायची नाही, कर्मचारी सांगेल तेव्हा त्याच्यासमोर करायची. फोटो २ बाय २ इंच, गेल्या सहा महिन्यांतला, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय, फिल्टर किंवा कुठल्याही ॲपची सफाई न केलेला, आणि हनुवटीपासून डोक्यापर्यंत १ ते १ ३/८ इंच. आधीचा पासपोर्ट १६ वर्षांनंतर काढलेला, गेल्या १५ वर्षांतला आणि धड अवस्थेत असेल तर डीएस-८२ हा नूतनीकरणाचा फॉर्म पुरतो, खिडकीवर जावं लागत नाही. एवढं पाहायला दहा मिनिटं लागतात. ‘डॉक्युमेंट रिव्ह्यू’ म्हणून तुम्ही ज्याचे पैसे घेता ते काम हेच आहे, आणि तरीही दोन्ही बाजूंनी छापलेले फॉर्म तुमच्या तपासणीतून सुटून खिडकीवरून परत येतात.

ऑनलाइन नूतनीकरणाबद्दल मात्र जरा थांबून सांगावं लागेल. सप्टेंबर २०२४ पासून ही सोय सर्वांसाठी खुली झाली आणि ती चांगली आहे, पण तिच्यात तातडीचा पर्याय नाही. आणि ऑनलाइन अर्ज सादर झाला की जुना पासपोर्ट रद्द होतो, हातात दिसत असला तरी प्रवासाला चालत नाही. लोक ऑनलाइन अर्ज करतात, मग अचानक प्रवास ठरतो, मग ते तुमच्याकडे येतात. त्या वेळी तुमच्या माणसानं पहिला प्रश्न विचारायचा तो हा: आधीच कुठे अर्ज केला आहे का? एक अर्ज चालू असताना दुसरा घातला की दोन्ही अडकतात. अशा ग्राहकाचे पैसे घेऊ नका. त्याला खात्याच्या फोनवर पाठवा, कारण चालू अर्जाला वेग देणं खात्याच्याच हातात आहे.

आता आमच्या लोकांच्या कागदांकडे येऊ. तुमची तपासणी सगळ्यात जास्त इथेच तोकडी पडते.

भारतीय पासपोर्टवर नावाचे दोनच रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव. वडिलांचं नाव दिलेल्या नावातच जातं. ग्रीन कार्डावर ते तसंच उतरतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याचं एक अक्षर उरतं, आणि नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर (अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्याच्या दाखल्यावर) ते मधलं नाव म्हणून वेगळं होतं. एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावं. त्यातून मराठी बाईचं लग्न झालं की आडनावाबरोबर मधलं नावही बदलायची आपल्याकडे रीत आहे: वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. लग्नाच्या दाखल्यावरून आडनाव का बदललं हे इथल्या अधिकाऱ्याला कळतं. मधलं नाव का बदललं हे त्याला कळत नाही, आणि तो जास्तीचा पुरावा मागू शकतो. ते पत्र आलं की तुमचे तीन दिवस थांबले. म्हणून फाइल आली की प्रत्येक कागदावरचं नाव अक्षर न अक्षर शेजारी शेजारी मांडून बघा, आणि फरक असेल तर पाकीट सील व्हायच्या आधी ग्राहकाला फोन करा. नंतर केलेल्या फोनचा उपयोग नसतो.

मुलांचं प्रकरण याहून नाजूक. भारतात जन्मलेलं, ग्रीन कार्डावर इथे आलेलं मूल, आईवडिलांपैकी कुणी नागरिक झालं आणि मूल १८ वर्षांच्या आत त्यांच्याजवळ राहत असलं, तर चाइल्ड सिटिझनशिप ॲक्टनुसार आपोआप नागरिक होतं. हा कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू आहे. त्या मुलाकडे स्वतःचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट नसतं. त्याच्या पासपोर्टला आई किंवा वडिलांचं सर्टिफिकेट, मुलाचं ग्रीन कार्ड, जन्मदाखला आणि आईवडिलांचा विवाहदाखला लागतो. तुमच्या यादीत ‘नागरिकत्वाचा पुरावा’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि पालक मुलाचा भारतीय पासपोर्ट घेऊन खिडकीवर उभे राहतात. जन्मदाखला जुन्या ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा, फक्त मराठीत आणि हातानं लिहिलेला असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. काही दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, आईचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. अशी फाइल तीन दिवसांत होणार नाही हे पहिल्या फोनवर कळू शकतं. पण त्यासाठी मूल कुठे जन्मलं हे विचारावं लागतं.

१६ वर्षांखालच्या मुलासाठी दोन्ही पालक हजर हवेत. एकाला येता येत नसेल तर त्यानं डीएस-३०५३ हा संमतीचा फॉर्म नोटरीसमोर सही करून, नोटरीला दाखवलेल्या ओळखपत्राची दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडून द्यायचा. तो फॉर्म तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. वडील कामासाठी परगावी आणि आई मुलाला घेऊन खिडकीवर, हा रोजचा प्रसंग आहे. तरी हा फॉर्म ग्राहकाला आदल्या रात्री पाठवला जातो, जेव्हा नोटरी मिळत नाही.

फाइल एजन्सीत गेल्यावरची शांतता ही पुढची तक्रार. तुमच्या पोर्टलवर ‘इन प्रोसेस’ लिहिलेलं असतं. ते तुमच्या कार्यालयातल्या ट्रेमध्ये पडलेल्या फाइललाही लागू होतं आणि एजन्सीत दिलेल्या फाइललाही. ही दोन अवस्थांना एकच नाव द्यायची पद्धत आधी बंद करा. हंगामात, वसंत ऋतूपासून उन्हाळी सुट्टीपर्यंत, तुमच्याकडे जागांपेक्षा फाइली जास्त होतात हे उघड आहे. २०२३ च्या मार्चमध्ये खात्याचीच मुदत साध्या अर्जाला १० ते १३ आठवडे आणि तातडीच्या अर्जाला ७ ते ९ आठवडे अशी होती, तेव्हा तुमच्याकडे झुंबड उडाली यात तुमचा दोष नव्हता. दोष होता तो पुढच्या बारा दिवसांची एकही जागा शिल्लक नसताना ‘३ दिवस’ म्हणून पैसे घेण्याचा. विमान कंपनीला जागा नसेल तर तिकीट काढता येत नाही. तुमच्याकडची रिकामी जागा कोणत्या तारखेची आहे ते पैसे घेण्याआधी सांगा, आणि ती तारीख पावतीवर छापा.

आम्ही आमच्या लोकांना काय सांगतो हे तुम्हालाही माहीत असलेलं बरं. प्रवासाला दहा दिवस राहिले आणि कंपनी नीट उत्तर देत नसेल, तर ईमेलवर तीन प्रश्न विचारायचे: माझा अर्ज एजन्सीत दिला का, कोणत्या एजन्सीत आणि कोणत्या तारखेला दिला, आणि त्याचा लोकेटर नंबर काय. लोकेटर नंबर खात्याचा असतो, तुमचा ऑर्डर नंबर नव्हे. तो सांगून खात्याच्या फोनवर अर्ज खरोखर कुठे आहे ते विचारता येतं. चोवीस तासांत उत्तर आलं नाही तर अर्ज दिलेला नाही असं धरायचं, सगळे मूळ कागद ओव्हरनाइट कुरिअरनं परत मागायचे, आणि त्याच वेळी खात्याला फोन करून अपॉइंटमेंट मागायची. जवळच्या एजन्सीत जागा नसेल तर दुसऱ्या शहरातली घ्यायची. अर्ज कोणत्याही एजन्सीत देता येतो. अर्ज आत गेला असेल आणि अडकला असेल तर अमेरिकी काँग्रेसमधल्या (म्हणजे संसदेतल्या) आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीच्या स्थानिक कार्यालयाला कळवायचं. तिथे एक माहितीच्या परवानगीचा फॉर्म भरून दिला की कार्यालय खात्याकडे चौकशी करतं, आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

त्यांना पैशांचंही सांगतो. पैसे क्रेडिट कार्डानंच भरायचे, झेलनं (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सोयीनं) कधीच नाही. कबूल केलेली सेवा मिळाली नाही तर फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टखाली कार्ड कंपनीकडे वाद नोंदवता येतो, पण ज्या स्टेटमेंटवर ती रक्कम पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत, आणि लेखी. कार्ड कंपनीनं ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग सायकलमध्ये, जास्तीत जास्त ९० दिवसांत निकाल द्यायचा. मे महिन्यात जुलैच्या प्रवासासाठी पैसे भरलेला माणूस तुमच्या ‘दोन दिवसांत कळवतो’ या उत्तरांवर विसंबून राहिला की हे ६० दिवस हातचे जातात. म्हणून परतावा हवा असेल तर फोनवर वाद घालायचा नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती, ते तीन प्रश्न विचारलेला ईमेल आणि आलेलं किंवा न आलेलं उत्तर एकत्र करून पाठवायचं. त्याचबरोबर राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार. खात्यानं तातडीचे ६० डॉलर घेऊन त्या मुदतीत काम केलं नसेल तर ते ६० डॉलर खात्याकडून परत मागता येतात. तुमची फी त्यात येत नाही, ती तुम्हीच द्यायची.

आणि तुमचा परताव्याचा नियम बदला. ‘कागदांची तपासणी सुरू झाल्यावर फी परत मिळणार नाही’ हे वाक्य बहुतेक करारांत असतं, आणि तपासणी पैसे भरल्यावर तासाभरात सुरू होते. याचा अर्थ परतावा कधीच नाही. कागद तपासायची एक छोटी ठरावीक रक्कम ठेवा, ती परत करू नका, कुणी तक्रार करणार नाही. बाकीची फी एजन्सीत अर्ज दिल्यावरच तुमची होऊ दे. कबूल केलेल्या तारखेला अर्ज दिला नाही तर न मागता परत करा.

कागद हरवणं ही पैशाच्या पलीकडची गोष्ट आहे. नॅचरलायझेशन सर्टिफिकेट मूळच पाठवावं लागतं. ते हरवलं तर एन-५६५ भरून नवं मागवावं लागतं, त्याची फी ५०० डॉलरच्या वर आहे आणि वाट महिनोन्‌महिने पाहावी लागते. त्या काळात नागरिकत्वाचा दुसरा पुरावा अनेकांकडे नसतो. असे कागद सहीशिवाय दारात ठेवून जाणाऱ्या कुरिअरनं पाठवू नका. वीस डॉलर वाचवायची ही जागा नाही. पासपोर्ट छापून निघाला आणि पोचलाच नाही, तर ग्राहकाला डीएस-८६ भरून तसं खात्याला कळवता येतं, पण पासपोर्ट दिल्याच्या तारखेपासून १२० दिवसांच्या आत. हे सांगायचं काम तुमचं, कारण पासपोर्ट कोणत्या तारखेला निघाला हे आधी तुम्हाला कळतं. आणि सोशल सिक्युरिटी नंबर असलेला भरलेला फॉर्म साध्या ईमेलवर मागवू नका. त्यात जन्मतारीख आहे, जन्मगाव आहे, आईवडिलांची नावं आहेत. एखाद्याच्या नावानं कर्ज काढायला लागतं ते सगळं त्या एका कागदात आहे.

भारताचा व्हिसा जोडून विकता, त्याबद्दलही. ई-व्हिसासाठी नवा पासपोर्ट क्रमांक लागतो, म्हणजे पासपोर्ट हाती येईपर्यंत तो अर्ज सुरूच होत नाही, आणि पोचायच्या निदान चार दिवस आधी अर्ज करायचा असतो. तेव्हा ‘पासपोर्ट आणि व्हिसा ५ दिवसांत’ ही जाहिरात काढून टाका. ज्यांच्याकडे ओसीआय आहे त्यांना व्हिसा विकू नका. २० वर्षांखालच्या ओसीआयधारकानं नवा पासपोर्ट घेतला की त्याची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा असतो, आणि ते काम फुकट होतं. त्याचे पैसे आकारणाऱ्या कंपन्या आम्ही पाहिल्या आहेत.

शेवटी ज्यांच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिलं, त्यांच्याविषयी. गावाकडून फोन येतो. आजी अत्यवस्थ आहे, डॉक्टरांनी बोलावून घ्यायला सांगितलंय. घरातल्या अमेरिकन पासपोर्टधारकाचा पासपोर्ट संपलेला असतो, किंवा मुलाचा काढलेलाच नसतो. अशा वेळी माणूस किंमत विचारत नाही, तुमच्या सगळ्यात महागड्या पॅकेजवर बोट ठेवतो. या माणसासाठी खात्याची वेगळी सोय आहे. परदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, अखेरचं आजारपण किंवा जीवघेणी दुखापत असेल आणि १४ दिवसांच्या आत निघायचं असेल, तर त्याच फोन क्रमांकावर तातडीची अपॉइंटमेंट मिळते. आई, वडील, मूल, नवरा, बायको, भावंड, आजी, आजोबा हे त्यात बसतात. काका, मामा, मावशी, आत्या आणि चुलत-मावस भावंडं बसत नाहीत. त्यांच्यासाठी १४ दिवसांच्या साध्या तातडीच्या प्रवासाची अपॉइंटमेंट मागायची. पुरावा म्हणून मृत्यूचा दाखला किंवा रुग्णालयाच्या लेटरहेडवर डॉक्टरांच्या सहीचं पत्र लागतं, इंग्रजीत किंवा इंग्रजी भाषांतरासह. गावातल्या डॉक्टरांना इंग्रजीतच चार ओळी लिहून फोटो पाठवायला सांगितलं की हे काम भारतातल्या रात्रीतूनही होतं. वर फी लागते ती नेहमीची आणि तातडीचे ६० डॉलर, बस.

तुमच्याकडे असा फोन आला तर पैसे घेऊ नका. तो क्रमांक द्या, पत्रात काय हवं ते सांगा, भरलेला डीएस-११ किंवा डीएस-८२, फोटो, तिकीट आणि नागरिकत्वाचा मूळ पुरावा घेऊन जायला सांगा, आणि फोन ठेवा. एजन्सीत अपॉइंटमेंट मिळालीच नाही, किंवा तिथवर पोचणंच शक्य नसलं, तर तो परत तुम्हालाच फोन करेल. तेव्हा त्याला तुमच्याकडची पुढची रिकामी जागा कोणत्या तारखेला आहे ते सांगा, आणि तीच तारीख ईमेलवर लिहून द्या.

कळावे,

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचे पासपोर्टचे कागद तपासून देणारे काही स्वयंसेवक